अक्कांच्या हातून फाटलेला मांडा

मंडळी, आज दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या अक्का ऑर्डरीचे मांडे करतात. त्यांचा तरणा मुलगा गणू उन्हाळ्यात वारला. त्यानंतर आज पहिल्यांदाच त्यांनी चुलीवर मांडे भाजायचं खापर ठेवलं. एकट्या नकोत म्हणून मी जाऊन बसले.

पुरण भरलेला उंडा त्यांच्या दोन्ही हातांवर झुलत पातळ होत होता. त्या अगदी गप्प होत्या. मला वाटलं, काहीतरी बोलावं. म्हटलं, "अक्का, गणूला तुमचे मांडे किती आवडायचे."

मांडा मधोमध फाटला.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मांडा करस तवय माले काहीच याद येत नही, बाई. तेवढाच इसावा शे."

तो विसावा मोडू नये म्हणून मग मी तोंड उघडलं नाही. शेवटचा मांडा उतरला आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "आखो कोनी ऑर्डर शे का?"

आणखी नव्हती.

म्हणून तुम्हाला विचारते, जळगावात या आठवड्यात कोणाला मांडे हवे आहेत का? घ्यायला आलात आणि त्या करत बसलेल्या दिसल्या, तर हाक मारू नका. दारात थांबा.