ज्याच्या त्याच्या कमरेची अफू

बाबांच्या जबड्यात गाठ झाली ते वर्ष मी बसून काढलंच नाही. सासरहून आले होते सेवेला, पण सेवा कसली, नुसत्या येरझारा. माय म्हणायची, "काऊन फिरून राहिली? बस ना जराशी." बसलं की आतून बाबांचं कण्हणं ऐकू यायचं, म्हणून मी फिरत राहायची.

डॉक्टरांनी हात टेकले होते. उतार पडायचा तो अफूनेच. बारीक गोळी पाण्यात विरघळवून माय त्यांच्या तोंडात सोडायची आणि घर थोडा वेळ निवांत व्हायचं. अफू काही चोरीची नव्हती. तिरोड्याला ठेक्याचं दुकान होतं, तिथे राजरोस मिळायची. फक्त एका माणसाने जवळ किती बाळगायची ते सरकारने ठरवून दिलेलं. त्याहून जास्त सापडली की गुन्हा. बाबांचा वाटा त्यांना पुरेना, म्हणून माझ्या भावासोबत, दादासोबत, माय आणि मीही डोक्यावरून पदर ओढून त्या दुकानात उभ्या राहायचो. दुकानदार विचारायचा, "खुद के लिए?" जिने जन्मात कधी तंबाखूला हात लावला नाही, ती माझी माय म्हणायची, "हाव."

शेजारच्या गावात एकाच्या घरी सगळ्यांची अफू एका डबीत सापडली आणि आबकारीचे शिपाई त्याला घेऊन गेले. तेव्हापासून मायने दंडक घातला: ज्याची पुडी त्याच्या कमरेला. दादाची धोतरात, आमची लुगड्यात खोचलेली. झोपतानाही कोणी सोडायची नाही. तपासणी आली तर प्रत्येकजण आपापल्या जागी निर्दोष.

धुळवडीला दुकान बंद होतं. बाबांना मरळीचा रस्सा प्यावासा वाटला, म्हणून दादा सकाळीच बोदलकसाच्या तलावावर, मासे धरणाऱ्या ढिवरांकडे गेला. तो गेला आणि दुखणं उठलं. बाबांची पुडी संपली होती, मायचीही. माझ्या पुडीतला उरलासुरला चुरा पहिल्याच कळेला देऊन संपला. भरलेली पुडी एकच, ती दादाच्या कमरेला, तलावाच्या काठावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कळांमुळे बाबांना बोलता येईना. त्यांनी मायच्या कमरेकडे बोट केलं. मायने मान हलवली. मग माझ्याकडे केलं. मी रिकामा कागद उलगडून दाखवला, तरी त्यांचं बोट खाली येईना. मी वाटेवर जायची, दादा दिसत नाही म्हणून परत यायची, पुन्हा जायची. गल्लीत पोरं रंग खेळत होती. मला त्यांचा, दादाचा, सरकारचा, सगळ्यांचा राग येत होता.

ऊन कलल्यावर दादा मासे घेऊन आला. आतला आवाज ऐकून त्याचा हात कमरेकडे गेला आणि तोंड उतरलं. मायने ती गाठ स्वतः सोडली. बाबा निजल्यावर तिने फळीवरची कुंकवाची जुनी डबी पुसून घेतली, उरलेली अफू त्यात ठेवली आणि डबी बाबांच्या उशाशी मांडली.

दादा म्हणाला, "शिपाई आला तं?"

"येऊ दे. माहीच हाये म्हनीन."

दुसऱ्या दिवसापासून आम्हा सगळ्यांची अफू त्याच डबीत पडू लागली. बाबा गेले तोवर डबी उघड्यावर, उशाशीच होती. त्या सगळ्या काळात एकही शिपाई आमच्या दारात आला नाही. हे आठवलं की आजही मला बसवत नाही, मी उठून अंगणात जाते.