कराची किती लांब

निजामाच्या अमलात, माझी धाकटी बहीण काशी हिच्यासाठी स्थळ बघायला मी आष्टीहून कराचीला गेलो होतो. त्या प्रवासाची हकिगत मी घरात कितीदा तरी सांगितली, पण परतीचीच. जातानाची आज पहिल्यांदा लिहितो आहे.

आईची अट एकच होती. नागपंचमीला मुराळी (माहेरवाशिणीला आणायला जाणारा भाऊ) सहज जाऊन येईल, एवढ्याच अंतरावर ती लेक देणार होती.

बैलगाडीने नगर, रेल्वेने मुंबई, तिथे बोटीची वाट पाहत मुक्काम, मग समुद्र. बोटीत मी उलट्या करत आडवाच होतो. कराचीला उतरलो तेव्हा घर सोडून आठवडा होत आला होता.

शहर मात्र पाहत राहावे असे. धुतल्यासारखे रुंद रस्ते, उंटांच्या गाड्या, सतत वाहणारा खारा वारा. मुलगा विमानतळावर टपालाच्या थैल्यांवर कारकून होता, मनाने मोकळा. त्याने सिंधू नदीतला मासा खाऊ घातला. काटे काढता काढता सोयरीक निम्मी ठरलीच. निघताना त्याने साहेबाला विनवून टपालाच्या विमानात मला जागा मिळवली. एरवी अशी कुणाला देत नाहीत, हेही त्याने बजावले.

थैल्यांना टेकून मी आभाळात गेलो. खाली कच्छचे रण मीठ सांडल्यासारखे पांढरे, नद्या सुतळीएवढ्या. अहमदाबादला उतरून पुन्हा उडालो आणि दिवस मावळायच्या आत मुंबई. तसे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

नगरहून परत बैलगाडी. हद्दीवर करोडगिरीच्या (निजामाच्या जकातीच्या) नाक्यावर शिपायाने कुठून आलास म्हणून विचारले. मी ऐटीत सांगितले, कराचीहून, उडत.

"मग आता गाडीत काहून बसलायस रे?" तो म्हणाला. गाडीवानही हसला.

घरी आईने पाण्याचा तांब्या देतादेताच विचारले, "किती लांब हाय?"

"सकाळी निघालं की दिवस मावळायला मुंबई."

मग विमानाचे वर्णन करण्यात मी असा रंगलो की बोटीचे नाव निघालेच नाही. मी ते निघू दिले नाही. आईने बोटांवर हिशेब केला आणि होकार दिला.

काशी चुलीपाशी भाकरी थापत होती. "दादा, मुराळ्यालाबी बसू देतेत का इमानात?"

"आपला माणूस हाय की तिथं," मी म्हणालो.

नवरा चांगला निघाला, तिला काही कमी पडले नाही. पण पंचमी श्रावणात येते आणि श्रावणात समुद्र खवळलेला असतो. दरवर्षी मी आईला सांगायचो, यंदा विमानात जागा न्हाई मिळाली. काशी वाट बघत राहिली, आणि आई शेवटपर्यंत त्या विमानाला शिव्या देत गेली.

विमान फार चांगले होते.