अकलोलीतला शब्बाथ

शनिवारी शब्बाथ, म्हणजे प्रार्थना आणि विश्रांती, बाकी काही नाही, असं ठरवून शुक्रवारी दुपारी काका आणि मी ठाण्याहून निघालो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. काका सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात; मी मात्र दोन वर्षांपासूनच शब्बाथ काटेकोर पाळते. अंबाडीमार्गे गेलात तर खड्डे आणि ट्रक धरून दोन तास हाताशी ठेवा.

अकलोलीत तारामावशींकडे खोली घेतली. शब्बाथला पैसे हाताळत नाही, म्हणून आठशे रुपये आधीच दिले. गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकलं, सूर्यास्तापूर्वी शब्बाथचे दिवे लावले आणि घरून आणलेलं नारळाच्या दुधातलं चिकन जेवलो.

सकाळी प्रार्थना चालू असताना मावशींची सून धावत आली.

"आईला साप डसला हो! गाडी काढा!"

मावशी अंगणात पाय धरून बसल्या होत्या. इंजेक्शनसाठी भिवंडीच गाठा, असं शेजारी सांगत होते. आसपास गाडी फक्त आमचीच होती. मी चावी आणली आणि दाराशीच थांबले.

"काका, शब्बाथ आहे. गाडी चालवली तर चालेल का?"

काका माझ्यावर इतके कधीच ओरडले नव्हते. "विचारत काय उभी राहिलीस? बाईचा जीव जातोय! जीव वाचवायचा असला की शब्बाथ बाजूला. हाही आपला नियमच आहे."

तासाभरात भिवंडीच्या हॉस्पिटलात पोचलो. "वेळेत आणलंत. अजून उशीर परवडला नसता," डॉक्टर म्हणाले. मावशी वाचल्या, आणि मी परवानगी मागत उभी राहिले होते.

धोका टळल्यावर काका गाडीत बसेनात. "आता घाई नाही." संध्याकाळपर्यंत आम्ही व्हरांड्यातच थांबलो. तिथल्याच निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमाग कामगाराने बाकावर जागा केली. "चाचा, बैठिए. पानी लाऊँ?" तिथे दाखल असलेल्या भावाला बघायला तो ड्युटी सोडून आला होता. आकाशात तारे दिसले, शब्बाथ संपला, तेव्हा काका उठले.

अकलोलीला जरूर जा, कुंडं छान आहेत. माझ्या मनात मात्र ते दारच राहिलंय. नियम मला सगळे पाठ होते, हासुद्धा. तरी समोर माणूस तडफडत असताना तो आठवला नाही.

परवा सुनेचा फोन आला. आई घरी आली, चालते. त्या सकाळी सुनेने मला दाराशी थांबलेलं पाहिलं होतं. मी माफी मागितली.

"मी तवा घाबरली होती," ती म्हणाली. "वाटलं, तुमी न्हाय येणार."