तिरपेकाकांनी तपासलेले चष्मे

शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं परिचराचं काम केलेल्या त्या माणसाला मुलं तिरपेकाका म्हणत. कोणाशीही बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या कानावर असे.

"काका, मी इकडे आहे, तो माझा कान आहे!" मुली खिदळत.

"ऐकायचं काम कानाचं. तोंडाला सांगून काय उपयोग?" काका म्हणत. हशा पिकला की विषय मिटे.

खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. नऊ वर्षांचे असताना काकांनी काजळी धरलेल्या काचेतून सूर्यग्रहण पाहिलं होतं. तेव्हापासून दोन्ही डोळ्यांत अगदी मधोमध एक करडा ठिपका ठाण मांडून बसला होता. कडेचं सगळं दिसे. ज्याच्यावर नजर रोखावी, नेमकं तेच गायब. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत रांगेतल्या पुढच्या माणसाने तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली. काकांनी ती कान देऊन पाठ केली आणि आपली वेळ आली तेव्हा मुरलेल्या नटासारखी घडाघडा म्हणून टाकली. त्या एका प्रवेशावर संसार उभा राहिला. आता निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

ग्रहणाच्या आदल्या दुपारी विज्ञानाच्या सरांनी टेबलावर एक खोकं ठेवलं. "काका, ग्रहण बघायचे दोनशे चष्मे आहेत. एकेक डोळ्याला लावून दिव्याकडे बघा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी तो बाद. उद्या दहाला मुलं मैदानात उतरतील."

काका बसले. एक चष्मा लावला, काळोख. दुसरा लावला, काळोख. साठ चष्मे चांगल्यांच्या ढिगात गेले. तेवढ्यात सातवीची मॉनिटर परीक्षानळ्या परत करायला आली आणि तिने सहज ढिगातला एक उचलून दिव्याकडे पाहिलं.

"अय्या, काका, यात चांदणी दिसते!"

काकांनी तो तिच्या हातून घेतला, सरळ दिव्यावर नजर धरली. काळोख. चांदणी होती तिथेच त्यांचा ठिपका होता.

"बाकीचे बघ बरं," ते म्हणाले. मुलीने साठातले आणखी तीन बाजूला काढले आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला नंबर लागलाय ना? मी तपासते सगळे. सरांना नाही सांगणार."

सुटकेचं दार असं आपणहून उघडलं होतं. काकांनी तिच्यासाठी स्टूलही पुढे ओढलं. मग त्यांनी विचारलं, "आणि एखादं भोक तुझ्याही नजरेतून सुटलं तर?"

"तर काय! डोळा दुखला की चष्मा काढायचा."

काकांचा हात स्टुलावरच थांबला. त्यांचा डोळा तेव्हा दुखलाच नव्हता.

ते जिना चढून मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग तपासणीत पास कसे झालात?"

काकांनी ती अक्षरं म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही.

"अॅसिडच्या बाटल्या तुमच्या हातात होत्या, काका. मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा, बाई. पण चष्मे दुसऱ्यांकडून तपासून घ्या. आणि उद्या मुलांसमोर मला दोन मिनिटं द्या."

घरी बायकोने त्यांचा चेहरा पाहूनच ओळखलं. "सत्तावीस वर्षं मी पोटात ठेवलं, आणि तुम्ही पाच मिनिटांत ओकून आलात!" असं म्हणाली खरी, पण मग त्यांच्या शेजारी येऊन बसली, ती उठलीच नाही.

सकाळी मैदानात काका पायरीवर उभे राहिले. दोन शिक्षकांनी मिळून एकवीस चष्मे बाद केले होते.

"मी ज्याच्याकडे बघतो त्याचंच तोंड मला दिसत नाही," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा लहान होतो तेव्हा ग्रहण बघितलं. दुखलं नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. संध्याकाळी वही उघडली, तर बघेन तो शब्द नाहीसा. म्हणून सांगतो, दुखण्याची वाट बघू नका. आधी मान खाली, मग चष्मा, मग मान वर. उतरवतानाही आधी मान खाली."

एरवी खिदळणाऱ्या मुलींनीच सगळ्यांत आधी मान खाली घालून चष्मे लावले. दहा-दहा जणांनी पाळीपाळीने ग्रहण पाहिलं. काका सूर्याकडे पाठ करून रांगेसमोर फिरत राहिले, "मान खाली!" म्हणत. उन्हं फिकी झाली, पुन्हा चढली, तोवर त्यांचा घसा बसला होता.

दुपारी बाईंनी पत्र पुढे केलं. "वाचून सही करा."

"वाचून दाखवा, बाई," काका म्हणाले. त्या शाळेत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

बाईंनी वाचलं. लपवलं हे लिहिलं होतं, आणि स्वतः येऊन सांगितलं हेही. सहीच्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. काकांनी त्या बोटाशेजारी सही केली आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

महिन्याभराने उत्तर आलं. निवृत्तीपर्यंत त्यांना फाटकावर नेमलं होतं. रोज सकाळी मुलं त्यांच्यासमोर क्षणभर थांबत, आपलं नाव सांगत आणि मगच आत जात.