हद्दीच्या दगडापलीकडचं लग्न

चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही, असा सरकारचा नवा कायदा आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याच सुमारास आई गेली. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्यातली रीत. वडील सोलापूरच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. ते पाळीवर गेले की मी घरात एकटी. तीन वर्षं थांबले असते तर मी चौदाची झालेच असते की! पण भ्यालेल्या माणसाला असलं काही सुचत नाही.

मग कुणीतरी त्यांना वाट दाखवली. सोलापूरहून सकाळी बैलगाडीनं निघालं की उन्हं चढायच्या आत संस्थानाची हद्द लागायची. तिकडं राजाचं राज्य आणि राजाचा कायदा. दगडापलीकडच्या मारुतीपुढं इतकी लग्नं लागायला लागली होती, की तिथल्या गुरवानं मांडव उतरवणंच सोडून दिलं होतं.

मला वाटलं, आपण परमुलखात निघालो. हळदीच्या अंगानं मी गाडीत ताठ बसले होते. दगड मागं पडला, तरी बाभळी त्याच आणि बोलणंही तेच. टपाल, तार, आगगाडी सगळं इंग्रजांचंच.

"तुमचा राजा लढाई करतो का?" मी गुरवाला विचारलं.

तो हसला. "न्हाय गं पोरी. लढाई सायबाला इचारून. लगीन तेवडं आमच्या मर्जीनं."

अक्षता नाकात जाऊन नवरा शिंकला, मला हसू फुटलं, आणि लग्न लागलं.

पुढं प्रांत आणि संस्थानं जोडून संघराज्य करायच्या गोष्टी वर्तमानपत्रांत यायला लागल्या. त्या वाचताना माझा जीव जळायचा. तो देश खरोखर परका असता तर हद्दीवर कुणीतरी आम्हाला अडवलं असतं. आपलाच असता तर कायदा माझ्या पाठोपाठ आला असता. तो धड परकाही नव्हता आणि धड आपलाही नव्हता. वडिलांवर मात्र मला कधी राग धरता आला नाही.

वयात येईपर्यंत मी माहेरीच राहायचं ठरलं होतं. म्हणून लग्नाच्याच संध्याकाळी वडील आणि मी परत निघालो. दगड ओलांडल्यावर मी विचारलं, "आबा, आता आपुन इंग्रजांच्या हद्दीत आलो न्हवं?"

"व्हय."

"मग हे काढू?" मी गळ्यातलं मंगळसूत्र पुढं केलं.

वडिलांनी गाडी थांबवली. मला पोटाशी धरून ते रडायला लागले.

"न्हाय बाळा," ते म्हणाले, "ते आता कुटल्याच हद्दीत निगत न्हाय."