आप्पांच्या कंपनीचं कापड

आमच्या शिरूरच्या घरात एकच रंग होता. भिंतींचं म्हणत नाही, भिंतींना चुना होता. पण दाराचा पडदा, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचं झाकण, बहिणीचं दप्तर, दळणाची पिशवी, माझ्या सायकलच्या सीटचं कव्हर, सगळं करडं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होते. कंपनी त्यांना दर वर्षी दोन ड्रेसचं कापड द्यायची आणि वर शिलाईचे पैसे द्यायची. आप्पांनी सुरुवातीचे दोन ड्रेस तेवढे शिवले. पुढं तेच घातले. कॉलर झिजली की आई ती उसवून उलटी बसवायची, गुडघ्याला आतून ठिगळ लावायची, आणि एखादा शर्ट अगदीच अंगात घालता येईनासा झाला की त्याचा अभ्रा व्हायचा आणि मगच दुसरा शिवला जायचा. नवं कापड घडीसकट ट्रंकेत जायचं. "पुढं लागंल," आई म्हणायची. "पुढं" हा शब्द आमच्या घरात मिठापेक्षा जास्त वापरला जायचा.

काटकसर म्हणून कुणी आम्हाला शिकवली नाही. ती घरातच होती. दोन खोल्यांना मिळून एक बल्ब होता, तो मधल्या चौकटीत टांगलेला, म्हणजे इकडं स्वयंपाक आणि तिकडं माझा अभ्यास. साबणाचा झिजून उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा. गॅस चहापुरता, अंघोळीचं पाणी बंबात, बंबाला भंगारवाल्याकडची पॅकिंगच्या खोक्यांची लाकडं. मला याचं काही वाटायचं नाही. मला फक्त त्या कापडाची चीड होती. मित्र घरी आले की मी दप्तर आणि अभ्रे दोन्ही कॉटखाली सारायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. निकालानंतर चार महिने घरी बसलो आणि मग रांजणगावच्याच दुसऱ्या एका कंपनीतून मुलाखतीचं पत्र आलं. स्टोअरमध्ये क्लार्कची एक जागा. खुर्चीवर बसून पगार घेणारं आमच्यात तोवर कुणी नव्हतं. ती नोकरी मला इतकी हवी होती की पत्र आल्यापासून मला एका जागी बसवेना. दिवसातून तीनदा स्टँडकडं चक्कर मारायचो. स्टँडसमोरच्या दुकानात काचेमागं एक चॉकलेटी रेडिमेड पँट लावलेली होती. तिच्यात मला मी खुर्चीवर बसलेला दिसायचो.

"आई, नवी पँट पायजे."

"हाय की." तिनं ट्रंकेकडं मान केली.

"ते कंपनीचं कापड हाय."

"मग? कंपनीचं म्हंजी चोरीचं हाय का?"

"त्यात मी हेल्पर दिसंल, आई."

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "तुला काय म्हाईत हेल्पर कसा दिसतो ते? तू कवा बघितलंय ह्यांना कामावर?"

मी पाय आपटत बाहेर गेलो, परत आलो, तर तिनं ट्रंकेतला सगळ्यात वरचा पँटपीस काढून ठेवला होता. बाकीच्यांपेक्षा जरा गडद, निळसर. "ह्यो घे. भारीतला हाय," ती म्हणाली. मला भारी काय नि हलकं काय, सगळं त्याच कंपनीचं.

शिवायचं दौंडला. तिथं माझे मामा टेलर होते, स्टेशनजवळ दुकान, रेल्वेवाल्यांचे ड्रेस शिवायचे. मामा शिलाई घेणार नव्हते. शिरूरची शिलाई आणि दौंडचं जाण्यायेण्याचं तिकीट यांत थोडा फरक पडत होता, तेवढ्यासाठी आईनं मला चौफुल्यावरून दौंडला धाडलं. फेरी मोकळी जायला नको म्हणून मामीसाठी पाच किलो बाजरी दिली. शिवाय आप्पांचा एक फाटका शर्ट दिला, पँटच्या खिशांना आतून लावायला. खिशाला नवं कापड कापायचं नाही, ही तिची सक्त ताकीद होती.

मामांनी पँटपीस चिमटीत धरला. "ह्ये कुणाचं?"

"आप्पांचंच."

"व्हय? मागल्या टायमाचं असं नव्हतं. चांगलं कापड हाय ह्ये."

"असंल," मी म्हणालो.

"कंबर?"

"तीस."

"आज तीस. लग्न झाल्यावर?"

"मामा, मुलाखत हाय परवा, लग्न न्हाई."

"मी पँट मुलाखतीपुरती शिवत न्हाई, भाचे. धा वर्सं चालली पायजे." त्यांनी पाठीमागं तीन बोटं आणि पायाशी चार बोटं कापड आत दाबलं. मग फाटका शर्ट पसरून खिशासाठी कात्री चालवली. मी दारात उभा राहून मालगाडीचे डबे बघत होतो. त्यांनी शर्टाचा कुठला भाग कापला ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

मुलाखत दहाला होती. आप्पा पहिल्या पाळीला. आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, "आमच्या बसनं चल. ड्रायव्हर वळखीचा हाय. येष्टीला कशाला पैसं घालायचं?"

"आप्पा, तुमची बस सहाला निघती."

"मग बरंच हाय की. उशीर तर व्हनार न्हाई."

तर सकाळी सहाला मी त्या बसमध्ये होतो. बसभर करडा रंग. माझी पँट त्यात मिसळून गेली, आणि मी फाईल मांडीवर आडवी धरून बसलो. मागच्या सीटवरून एक जण ओरडला, "काय आप्पा, पोरगं बी आपल्यातच घेतलं का?"

"न्हाई," आप्पा वळून म्हणाले. आप्पा बसमध्ये कधी मोठ्यानं बोलत नसावेत, कारण सगळे गप्प झाले. "हपिसात. बी.कॉम. हाय त्यो."

"मग सायेब, आमच्या रजेचं बघा तेवढं!" बस हसली. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती.

पावणेसातला आप्पा त्यांच्या गेटातून आत गेले. माझी कंपनी तिथून किलोमीटरभर पुढं, आणि मला सव्वातीन तास काढायचे होते. बसायचं नव्हतं, कारण बसलं की इस्त्री मोडली असती. चहा प्यायचा नव्हता, कारण आईनं दिलेले पैसे एकाच चहाचे होते आणि तो मुलाखतीनंतर प्यायचा असं मी ठरवलं होतं. मी चालत राहिलो. एमआयडीसीच्या रस्त्यानं या टोकाला, परत त्या टोकाला. तिसऱ्या पाळीची माणसं डोळे चोळत बाहेर आली, बसमध्ये चढली, गेली. मी चालतोच आहे. पत्र काढून वाचायचं, घडी घालायची, खिशात ठेवायचं, चार पावलांवर परत काढायचं. पाठीमागं दाबलेलं तीन बोटं कापड कमरेला काचत होतं.

आठच्या सुमाराला एक टेम्पो माझ्याजवळ येऊन थांबला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या ठेकेदारानं खिडकीतून हात काढला. "ए, चल, बैठ पीछे. माल खाली करने का है."

"मैं इंटरव्ह्यू को आया हूँ," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बुटांपासून वर बघितलं आणि पँटवर थांबला. "तो पहले बोलने का ना," म्हणाला आणि गेला. मी काय पहिलं बोलणार होतो? गळ्यात पाटी लावून फिरणार होतो?

साडेनऊला गेटवर गेलो, तर वॉचमननं मान वर न करताच सांगितलं, "काँट्रॅक्टवाल्यांचं गेट मागं हाय." मी पत्र त्याच्या वहीवर ठेवलं. त्यानं ते वाचलं, मला वाचलं, आणि आत सोडलं. आत एक टायवाला उमेदवार आधीच बसला होता, पायावर पाय टाकून. मी उभाच राहिलो.

मुलाखतीला दोन साहेब होते. तरुण साहेबांनी हिशेबाचं विचारलं, ते सगळं आलं. मग वयस्कर साहेबांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"नोकरी."

"कुठं?"

"प्रायव्हेट."

मला पुढं सांगायचं नव्हतं. आणखी एक शब्द सांगितला तर साहेबांची नजर पँटवर जाईल असं वाटत होतं. खोलीत पंखा होता तरी कपाळावरून घाम उतरला. रुमाल काढायला खिशात हात घातला. नवा, घट्ट खिसा. रुमालाबरोबर खिशाच्या आतलं सगळं कापड उलटं होऊन बाहेर आलं. मामांनी शर्टाचा छातीवरचा भाग लावला होता, दुहेरी असतो, झिजत नाही म्हणून. त्यावर तांबड्या दोऱ्यानं आप्पांच्या कंपनीचं नाव भरलेलं होतं.

वयस्कर साहेब टेबलावर वाकले. त्यांनी ते नाव वाचलं. "हे काय?"

खिसा आत कोंबता आला असता. मी कोंबला नाही. का ते माहीत नाही, बहुतेक सकाळपासून चालून चालून मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, "माझ्या वडलांच्या जुन्या शर्टाचं आहे, सर. या कंपनीत ते हेल्पर आहेत. पँटही त्यांच्या ड्रेसच्या कापडाची आहे."

"कापड किती लागलं?"

"सव्वा मीटर. पन्हा मोठा होता. उरलेल्यात आई पिशवी करणार आहे."

साहेब हसले नाहीत. समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि "ठीक आहे" म्हणाले. मी बाहेर आलो तो छाती काढून. वाटलं, मी काहीतरी मोठं केलं. बापाला लपवलं नाही.

नोकरी मला लागली, महिन्याभरानं पत्र आलं. मामा अजून सांगतात की त्यांच्या खिशामुळं लागली. मला तसं वाटत नाही. तो टायवाला पुण्याचा होता, रोजचं येणंजाणं झेपणार नाही म्हणून त्यानंच नाही म्हटलं, असं मला पुढं तिथंच कळलं. पण त्या दिवशीची गोष्ट मुलाखतीत संपली नाही.

परतायलाही आप्पांचीच बस, म्हणजे साडेतीनपर्यंत पुन्हा रस्ता. चहा प्यायलो, तो पाच मिनिटांत संपला. शेवटी पाळी सुटली. आप्पा आले. साबणानं धुतलेले हात, तरी नखांत तेल. शेजारी बसले आणि बस हलल्यावर म्हणाले, "काय इचारलं?"

"तुमचं विचारलं."

"माझं?" ते जरा सरळ बसले. "मग?"

"सगळं सांगितलं. लपवलं न्हाई. हेल्पर हायेत म्हणून सांगितलं."

कारेगाव आलं, चार माणसं उतरली. मग आप्पा म्हणाले, "हेल्पर?"

"हां."

"ऑपरेटर हाय की मी. तीन वर्सं झाली."

मी त्यांच्या शर्टाकडं बघितलं. विटलेला करडा, उलटवलेली कॉलर. "मग ह्यो ड्रेस?"

"ह्यो फाटलाय कुठं अजून? ऑपरेटरचं कापड मिळतं त्ये तुझ्या आईकडं देतो." त्यांनी माझ्या गुडघ्यावरचं कापड दोन बोटांत धरलं. "ह्ये त्येच. ह्ये हेल्परला देत न्हाईत."

मागच्या सीटवरचा सकाळचाच आवाज म्हणाला, "सायबानं दोनदा टोकलं त्यांना, ड्रेस बदला म्हणून. आईकतात का?"

मी बसभर नजर फिरवली. चार-पाच जण निळसर कापडात होते. सकाळी मला सगळे एकाच रंगाचे दिसले होते.

"मला कुणी सांगितलं न्हाई," मी म्हणालो.

"तू कवा इचारलं?" ते रागानं बोलले नाहीत. ते बाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "लिव्हलं का त्यांनी? कागदावर?"

"लिहिलं काहीतरी."

"आसूंदे."

सरदवाडी मागं पडली. त्यांनी पुन्हा माझ्याकडं तोंड केलं. "खोडता येत आसंल का रं त्ये?"

मी उठलो. काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं, पण बसवेना. दांडा धरून दारापर्यंत गेलो आणि ड्रायव्हरला थांबवायला सांगणार तेवढ्यात मागून आप्पांनी हाक मारली.

"बस खाली. परत जायचं तिकीट पडंल."