सारवलेल्या ओवरीचा तपास

पोलिसी कुत्रं निवडताना त्याची बुद्धी नंतर बघायची, आधी ओढ बघायची. चिंध्यांचा चेंडू गवतात फेकला की साधं कुत्रं थोडं हुंगतं आणि मग आपल्या तोंडाकडे बघतं. कामाचं कुत्रं चेंडू सापडेपर्यंत आपल्याला विसरतं. आमच्या पथकातली ती अल्सेशियन कुत्री चेंडू सापडल्यावरही विसरलेलीच राहायची. तो सोडवायला मी दुसरा चेंडू दाखवला, तर ती दोन्ही एकदम तोंडात बसवण्याच्या उद्योगाला लागे. फावल्या वेळात तिने एक बादली, बरेचसे पट्टे आणि साहेबांच्या खुर्चीचा पाय संपवला होता.

बादलीबद्दल कुणी काही बोललं नाही. खुर्चीने मात्र प्रकरण वर गेलं. साहेबांना कुत्रं स्वतःसारखं हवं होतं: छाती पुढे, नजर समोर, हुकूम इंग्रजीत. "ही पोलिसात शोभत नाही," ते म्हणाले. "एक तपास देतो. जमला तर ठीक. नाहीतर एका कारखान्याला रखवालीला कुत्रं हवंच आहे." कारखाना म्हणजे फाटकाशी साखळी आणि जन्मभर समोर तीच भिंत. तिथे ती वेडी झाली असती. हे मी साहेबांना सांगितलं नाही, कारण हवालदाराचं मत विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तपास आला तो मुळशीकडच्या माले गावाचा. देवळाच्या ओवरीतून गावजेवणाचं तांब्याचं पातेलं गेलं होतं. साऱ्या गावच्या लग्नांचा भात त्यात शिजायचा, आणि लग्नं तोंडावर आली होती.

पौड मागे टाकून आमची गाडी गावात शिरली तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं. आम्ही उतरलो.

"ह्यातलं मोठं सायेब कोन रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"ज्याला पट्ट्याला धरून आनलंय त्ये."

साहेबांनी ऐकलं आणि छाती आणखी थोडी पुढे काढली. पोलीस पाटील फेटा बांधून उभे होते. त्यांनी एक हार साहेबांना घातला, दुसरा कुत्रीला. तिने तो तिथल्या तिथे खाल्ला.

"परसाद म्हनून घेतला बगा," पाटील कौतुकाने म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला ओवरीत नेलं. जमीन ओली होती. शेणाने सुरेख सारवलेली, बोटांच्या कमानी एकीला एक लागून, आणि पातेल्याच्या जागी रांगोळी.

"सकाळीच सारवून घेतलं," पाटील म्हणाले. "एवढ्या लांबनं कुत्रं येनार, आन् जिमीन उकरल्याली? गावाची आब्रू हाय का न्हाई?"

चोराचा वास त्या आब्रूखाली गेला होता. कुत्र्यांवरची जी पुस्तकं वाचनालयात मिळाली ती मी सगळी वाचली होती, पण ती थंड देशांत लिहिलेली. शेणाचा उल्लेख एकाही पुस्तकात नव्हता.

परत फिरणं म्हणजे कारखाना. मी तिला पातेल्याच्या जागेचा वास दिला. तिने रांगोळीत नाक घातलं, शिंकली, पुन्हा नाक घातलं आणि मला ओढत निघाली.

कोंबड्या आडव्या आल्या तरी तिने मान वळवली नाही. मागे सगळं गाव. एकेक घर मागे पडलं की त्या घरचा माणूस मोकळेपणाने हसायला लागे. सगळ्यांत मोठ्याने पाटील हसत होते, ते एका घराशी एकदम थांबले. घर त्यांचंच होतं. कुत्री मला ओढत थेट परसात घुसली. तिथे पाटलीणबाई गोवऱ्या थापत होत्या. त्यांच्या हातांसमोर उभी राहून ती भुंकायला लागली.

"आगं, तू?" पाटील फेटा सावरत म्हणाले.

"मी काय?"

"कुत्रं तुझ्याफुडं भुकतंय!"

"भुकंल न्हाई तर! सकाळधरनं तुमची ओवरी सारवली म्या, कंबर मोडली. कुनी राबलं त्ये तिला तरी कळलं. तुमाला कवा कळनार?"

गाव खदखदून हसलं. मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, ती चुकली नाही. ओवरीत सगळ्यांत ताजा वास या बाईंचा. इथे कोण होतं ते विचारलं, तिने सांगितलं."

"पातेलं बाईंनी चोरलं का?"

"नाही."

"मग कारखाना," साहेब म्हणाले.

पाटलांच्या पडवीत चहा आला. कुत्री पायाशी बसून एक चोरलेली गोवरी चावत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. निम्मा चहा झाला असेल, तेवढ्यात देवळाच्या बाजूने आरडाओरडा झाला. मागच्या ओढ्यात पातेलं पालथं पडलेलं सापडलं होतं. मघाशी ते तिथे नव्हतं, याबद्दल सगळ्यांचं एकमत. कुणी आणून टाकलं, याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं.

"टाकनारच की," एक म्हातारा म्हणाला. "समद्या गावातनं त्या कुत्र्यानं घर काडलं, घरातनं मानूस काडला, मानसातनं हात काडला. त्ये उद्या चोराला सोडतंय व्हय?"

साहेब उठून उभे राहिले. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, शिस्त आणि वरिष्ठांचं मार्गदर्शन यांवर त्यांनी चांगलं लांबलचक भाषण केलं.

"माज्या शेनाचं बी नाव घ्या की त्यात," पाटलीणबाई आतून म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मला राहवेना. मत विचारलेलं नसतानाही मी म्हणालो, "साहेब, तिने फक्त सारवणारी शोधली."

"मला कळत नाही का?" साहेब समोर बघत म्हणाले. "पण चोराला ते कळलं नाही. आणि त्याला कळवायला जाणं आपल्या कामात येत नाही."

"मग कारखाना?"

"कारखान्याला दुसरं कुत्रं बघू."

मी पट्टा हाताला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरला. रस्त्याकडेला शेळ्या दिसायला लागल्या होत्या आणि तिचे पुढचे दोन्ही पाय आधीच गाडीच्या फळीवर होते.